मास्तरांनी दिलेली धमकी

मास्तरांनी एका मोठ्या नटाला धमकी दिली, हे आता सगळ्या जगाला ठाऊक आहे. पेपरात छापून आलं, टीव्हीवर आठवडाभर वाजलं आणि खुद्द मास्तरांनी सहीनिशी लिहूनही दिलं. यावर कुणी काय बोलावं? तरी पण मूळ गोष्ट काय होती ती ऐकून घ्या. मग ठरवा काय ठरवायचं ते.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. विग करणारे. सिनेमाच्या धंद्यात ज्याच्या हातात कसब, तो मास्तर. दोन खोल्यांचं घर, त्यातली मागची खोली कामाची. खिडकीशी टेबल, टेबलावर लाकडी डोकं, डोक्यावर ताणलेली बारीक जाळी. त्या जाळीच्या एकेका भोकातून आकडीनं एकेक केस ओढायचा आणि गाठ मारायची. दिवसभर तेच. एका विगाला पाच-सहा आठवडे लागत. मानेचा काटा ढिला होतो, डोळ्यांचं वाटोळं होतं, आणि काम जितकं चांगलं तितकं ते कुणाला कळत नाही! विग आहे हे समजलं तर मेहनत पाण्यात. असा सगळा उफराटा धंदा.

स्वभावानं मास्तर म्हणजे अगदीच गरीब गाय. रांगेत कुणी पुढे घुसलं तर हे आणखी मागे सरकून त्याला जागा करून देणार. वरच्या मजल्यावरचा माणूस यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर रोज कुंड्यांचं पाणी सोडायचा, तर यांनी दोरी हलवली, पण तोंडातून ब्र काढला नाही. "दादा, तुझ्या तोंडाला कुलूप लावून किल्ली कुणी नेली रे?" असं त्यांची बहीण त्यांना म्हणायची. तिचं नाव काहीही असो, सगळे तिला धाकटी म्हणत. पन्नाशीला टेकली होती तरी धाकटीच.

घरात ही दोघंच. मास्तरांनी लग्न केलं नाही, धाकटीचं झालं ते वर्षभरात मोडलं. मास्तर कामाला बसले की ही दारात उभी राहून बडबडायची आणि मास्तर मान न उचलता हसायचे. बायकांनी हसावं तसं हळू हसणं तिला ठाऊक नव्हतं. खदाखदा हसायची, अगदी रस्त्यापर्यंत ऐकू जाईल अशी.

आईवडील लवकर गेले तेव्हा मामानं दोघांना ठेवून घेतलं. मामा विगांचाच धंदा करायचा. दोघंही त्याच्याकडे गाठी मारायला शिकली आणि खरं सांगायचं तर धाकटीचा हात मास्तरांपेक्षा सरस होता. तिची गाठ शोधून सापडायची नाही. पण धंद्यात एकालाच घेता येईल, असं मामा म्हणाला. मुलगा कसब शिकेल, मुलगी बॅटरीच्या कारखान्यात जाईल. धाकटीनं दादाकडे बघितलं. दादा वीस वर्षांचा घोडा झाला होता. "मामा, हिला शिकू दे, मी जातो" एवढं म्हणायला काय जात होतं? पण तो मूग गिळून बसला. सतराव्या वर्षी धाकटी कारखान्यात गेली ती बत्तीस वर्षं तिथंच राहिली. त्यावरून तिनं कधी टोमणा मारला नाही. मारला असता तर बरं झालं असतं, असं मास्तरांना वाटायचं.

बॅटरीत शिशाच्या पट्ट्या असतात. त्या ओतायच्या, घासायच्या, रचायच्या. घासताना उडते ती करडी पूड. नाकात, केसांत, भाकरीच्या डब्यात, सगळीकडे. आधी धाकटीचं पोट दुखायला लागलं. मग डोकं. मग हिरड्यांवर निळसर रेघ आली. कारखान्याच्या डॉक्टरनं पित्ताच्या गोळ्या दिल्या. तो सगळ्यांना पित्ताच्याच गोळ्या द्यायचा. अख्खा कारखाना पित्तानं पछाडलेला होता म्हणायचा! आणि एके दिवशी चहाचा कप उचलताना धाकटीच्या उजव्या हातानं दगा दिला. मनगट वर उचलेना. पंजा नुसता लोंबत राहिला. ती त्याच्याकडे बघून हसली, म्हणाली, "दादा, हा बघ, रुसला." मास्तरांना हसू आलं नाही. ते मागच्या खोलीत गेले आणि काम न करता नुसतेच बसले.

कारखान्यात अशा पुष्कळ जणी नि जण होते. त्यांचा पुढारी म्हणजे एक वेल्डर. छाती रुंद, आवाज भोंग्यासारखा. त्याची मागणी एवढीच होती की सगळ्यांचं रक्त सरकारी डॉक्टरकडून तपासून घ्या, शिसं किती आहे ते कळू द्या. तपासणीत सापडलं की औषध सुरू करता येतं, कामावरून बाजूला करता येतं. अर्ज सरकारी निरीक्षकाकडे गेला आणि तिथे जो पडला तो पडलाच. दर आठवड्याला वेल्डर जायचा, दर आठवड्याला "बघू" ऐकून यायचा. इकडे धाकटीची पावलं सुजायला लागली होती.

कारखान्याच्या भिंतीवर एक भला मोठा फलक होता. त्यावर एक नट दात दाखवून हसत होता, हातात बॅटरी, आणि डोक्यावर दाट काळे केस वाऱ्यावर उडालेले. त्या केसांवर निम्मा देश फिदा होता. तो नट म्हणजे मास्तरांचं गिऱ्हाईक, आणि ते केस म्हणजे मास्तरांचं काम. हे गुपित चौघांनाच माहीत: नटाला, त्याच्या बायकोला, त्याच्या मॅनेजरला आणि मास्तरांना. शिवाय धाकटीला, कारण तिच्यापासून मास्तरांनी काही लपवलं नाही. पण तिनंही कारखान्यात ताकास तूर लागू दिली नव्हती.

"तू सांग ना त्याला," ती एके दिवशी म्हणाली. "एकदा बोल म्हणावं. फक्त एवढंच, की रक्त तपासा."

"त्याला काय कळतं बॅटरीतलं?"

"कळायचं काय आहे त्यात? आम्हाला कळतं ना. आम्ही बोललो की रड, तो बोलला की बातमी. चार कॅमेरे आले की तो निरीक्षक धावत अर्ज काढेल."

"तो असल्या भानगडीत पडत नाही, धाकटे."

हे मात्र खरं होतं. नटाचं यावर पक्कं मत होतं आणि मास्तरांनी ते कित्येकदा ऐकलं होतं. संप असो, पूर असो, दंगल असो, बातमीदार माइक पुढे करत आणि नट गोड हसून निघून जाई. गाडीत बसल्यावर मॅनेजरला म्हणे, "मी तोंड उघडलं की लोक माझ्याकडे बघतात, विषयाकडे कोण बघतं? ज्याचं दुखतंय त्याचं राहतं बाजूला. पोट भरलेल्या माणसानं उपाशी माणसावर भाषण देऊ नये." एवढा काही वाईट माणूस नव्हता तो. मास्तरांना त्याचं म्हणणं पटायचं. पण घरी लोंबणारा हात बघितला की पटेनासं व्हायचं.

आता इथे त्यांच्या कामाची रीत सांगायला हवी, कारण सगळा घोळ तिथेच झाला. शूटिंगच्या आधी मेकअपच्या खोलीत नट आणि मास्तर दोघंच असत. दाराला आतून कडी. आरशावर टॉवेल. जुना विग उतरवायचा, डोकं पुसायचं, डिंक लावायचा, नवा विग बसवायचा. डोकं उघडं असेतोवर कुणी एक शब्द बोलायचा नाही. असं कुणी ठरवलं नव्हतं, पण एकोणीस वर्षं तसंच चाललं होतं. विग बसला, कडा दाबून झाल्या, टॉवेल निघाला की मग नट खाकरायचा, आरशात बघायचा आणि "काय मास्तर, बरं आहे ना?" म्हणायचा. पुढच्या मिनिटाला कडी निघायची आणि माणसांचा लोंढा आत.

धाकटीनं चार दिवस पिच्छा पुरवला. पाचव्या दिवशी तिला जिना चढवेना. मधल्या पायरीवर बसून राहिली. मास्तरांनी तिला धरून वर आणलं आणि दुसऱ्या दिवशी वेल्डरचा अर्ज खिशात घालून शूटिंगला गेले.

आता तुम्ही म्हणाल, विग बसल्यावर बोलायचं होतं. अहो, पण विग बसल्यावर तो माणूस एकटा कुठे सापडणार? आणि दुसरंही एक कारण होतं. डोक्यावर विग असला की तो नट असायचा, मास्तरांना त्याची भीती वाटायची. विग उतरला की समोर एक थकलेला, चोपन्न वर्षांचा, टक्कल पडलेला माणूस बसलेला असायचा, मानेवर घामाचे थेंब. तो मास्तरांना आपल्यातला वाटायचा. त्या भाबड्या माणसाला वाटलं, बोलायची वेळ हीच.

हातात डिंकाचा ब्रश होता.

"साहेब, एकोणीस वर्षांत काही मागितलं नाही. आज मागतो."

नटाची मान ताठ झाली. मास्तरांनी एका दमात सगळं सांगितलं: कारखाना, शिसं, बहीण, रक्ताची तपासणी. अर्ज काढून त्याच्या मांडीवर ठेवला. नट बराच वेळ अर्जाकडे बघत राहिला. वाचत नव्हता, नुसता बघत होता. मग हळूच म्हणाला, "आत्ताच सांगायचं होतं का हे?"

"साहेब, फार उशीर झालाय हो."

"आणि मी नाही बोललो तर?"

मास्तरांना वाटलं, तो धाकटीबद्दल विचारतोय. ते म्हणाले, "मग काही खरं नाही."

नटानं डोळे मिटले. "ठीक आहे. बोलतो. आता विग लावा."

मास्तरांनी त्याचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. घरी येताना रस्त्यात त्यांना रडू फुटलं. धाकटीला सांगितलं तर ती दारातच ओरडली, "बोललास? तू बोललास?"

दोन दिवसांनी नट टीव्हीवर बोलला. आणि काय बोलला! रक्त तपासा एवढंच म्हणायचं होतं, त्यानं मालकांना खुनी म्हटलं. डोळे लाल, आवाज चढलेला. लोकांना वाटलं, काय कळवळा आहे! तो राग खरा कुणावर होता ते मास्तरांना तेव्हा कळलं नाही. कारखान्याच्या दारात पेढे नसले तरी चहा वाटला गेला. वेल्डर तर नाचायचाच बाकी होता.

दुसऱ्या दिवशी कॅमेरे आले. चार कुठले, चौदा. धाकटी नीट केस विंचरून पुढे उभी राहिली. एका मुलीनं माइक तिच्या तोंडाशी धरला आणि विचारलं, "तुम्हाला त्यांचा कुठला सिनेमा सगळ्यात जास्त आवडतो?" धाकटी म्हणाली, "बाई, माझा हात बघा." तेवढ्यात मुलीच्या कानात कुणीतरी काही बोललं आणि ती दुसरीकडे वळली. संध्याकाळी टीव्हीवर सहा शहाणे गोल बसून भांडत होते. एवढ्या श्रीमंत माणसानं बोलावं की बोलू नये? त्याच कंपनीची जाहिरात करून हा वर तोंड करून बोलतो कसा? एक म्हणे शाब्बास, दुसरा म्हणे नाटक. तासभर चाललं. शिसं हा शब्द तासाभरात दोनदा आला, धाकटीनं बोटांवर मोजला.

इकडे कंपनीनं नटाला कचाट्यात धरलं. तो चार दिवस घरातून बाहेर पडला नाही. पाचव्या दिवशी त्यानं बातमीदारांना बोलावलं, भरल्या सभागृहात उभा राहिला आणि सगळ्यांच्या देखत दोन्ही हातांनी विग काढून टेबलावर ठेवला.

मग तो बोलायला लागला. "मी टकला आहे. एकोणीस वर्षं मी हे लपवलं. माझ्या अगदी जवळच्या माणसानं याचाच धाक घालून त्या कारखान्याबद्दल माझ्याकडून नको ते वदवून घेतलं. माझं उघडं डोकं समोर होतं आणि त्यानं अर्ज मांडीवर ठेवला. आज मी त्याच्या तावडीतून सुटलो."

टाळ्या! अहो, टाळ्या थांबेनात. बायका रडल्या. दुसऱ्या दिवशी पेपरात त्याचं टक्कल पहिल्या पानावर. केवढं धाडस, केवढा प्रामाणिकपणा! गावोगावचे टकले त्याला पत्रं लिहायला लागले. आपण दिसतो तसे बरे आहोत, यावर तो सभांमधून भाषणं करायला लागला. त्या विषयावर त्यानं बोलावं की बोलू नये, असं कुणी विचारलं नाही.

मास्तर टीव्हीसमोर बसले होते ते तसेच बसून राहिले. "धाक? मी?" एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होते. तो माणूस मनापासून तसं समजला होता, ही खरी पंचाईत. खोटं बोलला असता तर त्याला शिव्या देता आल्या असत्या.

निरीक्षकाला आयतंच निमित्त मिळालं. धमकीनं उभ्या राहिलेल्या प्रकरणात आपण हात घालणार नाही, म्हणाला. वेल्डर तणतणत मास्तरांकडे आला. "अहो, काय करून बसलात हे?"

मास्तरांनी घडलं ते सगळं सांगितलं. वेल्डरचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "मी मानतो हो. पण निरीक्षक म्हणतो, तुम्ही सगळे एकाच टोळीतले. धमकी देणारा वेगळा नि अर्ज करणारे वेगळे, असं दिसलं तरच अर्ज पुढे सरकेल."

"मग तसं दाखवू."

"म्हणजे?"

"मी लिहून देतो. धमकी मी दिली. माझ्या डोक्यानं दिली. कामगारांना यातलं काही ठाऊक नव्हतं, म्हणून."

"मास्तर, तुमचा धंदा बसेल."

"बसू दे."

तिथल्या तिथे त्यांनी लिहिलं. नटाच्या मॅनेजरनं तो कागद पेपरांत छापवला आणि साहेबांनी मोठ्या मनानं माफ केलं, असंही खाली छापवलं. त्यानंतर कुणी नट मास्तरांच्या दारी आला नाही. गल्लीतली माणसं वळून बघायला लागली. पण रक्त तपासलं गेलं. दोनशे बारा माणसांपैकी दीडशेच्या वर लोकांच्या अंगात शिसं नको तितकं निघालं. त्यांना औषध सुरू झालं, पुष्कळ जण सावरले. धाकटीचं सगळ्यांत जास्त निघालं. डॉक्टरीणबाईंनी मास्तरांना बाहेर बोलावून सांगितलं, मूत्रपिंडं गेलीत, सहा-आठ महिने आधी आणायला हवं होतं.

सहा-आठ महिने. अर्ज निरीक्षकाच्या टेबलावर पडून होता तेवढेच.

मास्तर डोळे पुसून वॉर्डात गेले. त्यांनी ठरवलं होतं, धाकटीला खरं काय ते सांगायचं. बाकी जगानं काहीही समजावं, पण हिनं नको. तर धाकटी उशीला टेकून बसली होती, मांडीवर तो पेपर, आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईला सांगत होती, "हा बघा आला! हाच माझा दादा. एवढ्या मोठ्या हिरोला माझ्यासाठी सरळ दम दिला यानं!"

"धाकटे, अगं..."

"मला का नाही सांगितलंस रे? मला वाटलं, तू हात जोडून गयावया केली असशील." तिचा चेहरा सुजलेला होता, पण डोळे असे चमकत होते, की असे चमकलेले मास्तरांनी तीस-बत्तीस वर्षांत बघितले नव्हते. "आयुष्यात एकदा तरी माझ्यासाठी कुणाला तरी दटावलंस. खरंच दिलास ना दम?"

मास्तर खाटेच्या कडेवर बसले. तिचा लोंबणारा पंजा त्यांनी आपल्या हातात घेतला.

"हो," ते म्हणाले. "दिला."

"काय म्हणालास?"

"म्हटलं, माझ्या बहिणीचं रक्त तपासलं गेलं नाही, तर उद्या सगळ्या देशाला तुमचं टक्कल दाखवीन."

धाकटी खदाखदा हसली. "आणि तो?"

"तो काय, चळाचळा कापायला लागला."

मग रोज तेच. नर्स आली की तिला सांग, भेटायला कुणी आलं की त्यांना सांग. मास्तर रोज सांगत आणि रोज काहीतरी वाढवत. खुर्ची उलथली, नट हातापाया पडला, मास्तरांनी त्याला बोट दाखवलं. असा एक मास्तर त्यांनी रचला की जो त्यांना कधी होता आला नव्हता. धाकटी डोळे मिटून ऐकायची. सतराव्या दिवशी सकाळी ती ऐकता ऐकता गेली. मास्तरांच्या ते लगेच लक्षात आलं नाही, ते सांगतच होते.

महिन्याभरानं वेल्डर घरी आला. कामगारांनी सभा घेतली होती. आता तपासण्या झाल्या, औषधं मिळाली, तेव्हा मास्तरांनी धमकी दिली नव्हती हे सगळ्यांनी मिळून छापून आणायचं ठरलं होतं. कागद तयार होता, मास्तरांची सही तेवढी हवी होती.

मास्तरांनी कागद वाचला आणि परत दिला.

"नको," ते म्हणाले. "ती गेली ते मी धमकी दिली असं समजून गेली. राहू दे तसंच."

"पण मास्तर, तुमच्या नावाला फुकटचा बट्टा. तुम्ही तर नुसती विनंती केली होती."

"तेच तर," मास्तर म्हणाले, आणि त्यांना हुंदका आवरेना. "द्यायलाच हवी होती हो. सहा महिने आधी."